मागे घेतलेला आकडा

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर

प्रिय प्रांजली,

अनेक आशीर्वाद. सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं असं आपल्याकडे फारसं घडत नाही. पण फोनवर मी दोन वाक्यांतच ‘बरं, ठेवतो’ म्हणतो, म्हणून हा कागद.

गेल्या वर्षी तुझ्या सौर घटाने उन्हातून वीज करण्याचा तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात मोठा आकडा दिला, तेव्हा मी सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते. म्हणूनच बहुधा तू अभिरामला बजावलंस, की त्या आकड्यावरचा छापून आलेला लेख मागे घेतल्याचं तात्यांना कळू देऊ नकोस. पण तुझा नवरा माझा मुलगा आहे. त्याचा चेहरा मला वाचता येतो. परवा तो इथे आला आणि जेवता जेवता सगळं बोलून गेला.

मी म्हटलं, नीट समजाव. मग त्याने सांगितलं. काचेवर क्वांटम डॉट्सचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं द्रावण टाकून काच गरगर फिरवायची, की पातळ थर बसतो. तो रसायनाने धुवायचा, मग त्यावर दुसरा. थर कमी पडले तर ऊन पुरतं शोषलं जात नाही. फार झाले तर वीज बाहेर पडण्याआधी आतच विरते. शिवाय धुताना थर आक्रसतो, त्याला भेगा जातात. त्या एका काचेवर सगळं जुळून आलं होतं. पुन्हा केलं तर तो आकडा येईना. तुझे साहेब म्हणाले, “सगळे आपल्या सर्वांत चांगल्या काचेचाच आकडा छापतात.” आणि तू म्हणालीस, “जो थर मला पुन्हा देता येत नाही, तो माझा नाही.”

पोरी, माझा घास हातातच राहिला. तुझ्या सासूने तर डोळ्यांना पदर लावला. पुढे तू थर आणखी पातळ केलेस, एकाच्या भेगा दुसऱ्याने भरून निघतील असे. आता आकडा लहान आहे, पण प्रत्येक काच तोच देते, म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पेढे घेऊन निघालो. समोरच्या दौलतसिंहांना म्हटलं, बहू ने अपना लेख वापस ले लिया. ते गोंधळले. “तो मिठाई किस बात की, तात्यासाहब?” मी म्हटलं, “इसी बात की.” मग तुझं वाक्य हिंदीत करून सांगितलं. त्यांनी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “फिर से सुनाइए.”

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. साहेबांनी तुझ्या नोकरीची मुदत वाढवली नाही, हेही मला कळलंय. आणि काल तू सासूला म्हणालीस, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तर संशोधन सोडून मी ग्वाल्हेरलाच येते. तिच्या गुडघ्यासाठी मी आहे, आणि आपली गरिमा माहेरी राहायला येते आहे. लेकीने आईचं करायचं ते ती करेल. तू बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचा अर्ज भर. लेख मागे का घेतला, हे मुलाखतीत विचारतीलच. तेव्हा मान वर ठेवून सांग. या घराचं दार तुला कायम उघडं आहे, पण लपायला नाही. दिवाळीला ये, चार दिवस लाड करून घे, आणि परत कामावर जा.

तुझा अभिमान मिरवणारा,
तुझाच
तात्या