घट्ट वीण

इंग्लंड, नोव्हेंबर २००७

तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार. मान आखडली आहे, तेव्हा उभ्यानेच केला असं समज. आवाजही बसलाय, म्हणून फोन न करता लिहितोय. घाबरू नकोस, मी ठीक आहे.

इथल्या फुटबॉल क्लबचं स्टेडियम बांधायला कौन्सिल कित्येक वर्षं आमच्याकडून जादा टॅक्स घेत होती. मंगळवारी तो रद्द झाला. टॅक्सला वैतागलेले लोक टाउन हॉलसमोर नाचत होते, आणि आता आपला क्लब बुडणार म्हणून क्लबवाले बाटल्या फोडत होते. मी ऑफिसातून घरी चाललो होतो, गळ्यात तुझा लाल-पांढरा मफलर. क्लबचेही रंग तेच. तुला विणताना कुठून माहीत असणार? मलाही सुचलं नाही.

"हा त्यांच्यातलाच," म्हणत टॅक्सला वैतागलेल्यांपैकी एकाने मफलरचं एक टोक ओढलं. क्लबवाल्यांना वाटलं, आपला माणूस. मला सोडवायला त्यांनी दुसरं टोक ओढलं. दोन्हीकडे गाढवंच, आणि मधे माझा गळा.

मी तुझा स्टीलचा डबा त्या पहिल्याच्या तोंडावर हाणला. दात पडले त्याचे. मला अजून वाईट वाटत नाही. तो कोसळला, पण टोक सोडलं नाही, उलट फास आणखी आवळला. शेवटी ॲम्ब्युलन्सवालीने मफलर कात्रीने कापला. तुझा एकही टाका उसवला नव्हता.

बाबांची शुगर कशी आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

नवा विणशीलच, मला माहीत आहे. लोकर राखाडी घे. आणि आई, वीण जरा सैल ठेव.

तुझा,
अंबरीश