वालावरची राख

१२ डिसेंबर १९८३
वाल वाचला! गेल्या आठवड्यात माव्यानं शेंडे काळे पडले होते, आज एक किडा दिसेल तर शपथ. चुलीतली राख चाळली, फडक्याची पुरचुंडी केली, वेलांवर धुरळली — बस्स. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताला लय गुण हाय, पोरी." मी फुगले. का नाही फुगणार? अख्ख्या मखमलाबादेत औषध न मारता भाजी काढणारी मी एकटी!

१४ डिसेंबर
बुधवारचा बाजार. पंचवटीच्या लताबाई, शाळेतल्या बाई, आधी माझ्याकडे येतात, मग बाकीचा बाजार. त्यांच्या म्हाताऱ्या आईला औषधाची भाजी सोसत नाही. मी नेहमीसारखी शेंग मोडून कच्चीच तोंडात टाकली. "बघा, धुवायचीसुद्धा गरज नाही!"

१७ डिसेंबर
शेळी गेली. वालाचे छाटलेले वेल मीच टाकले तिच्यापुढं. तोंडाला फेस, पाय झाडत होती. मला वाटलं, साप चावला. पण यांचं तोंड पांढरं पडलेलं! "राखेत म्या किडं मारायची पावडर मिसळली व्हती. नुसत्या राखेनं काय व्हनार? तू तर रडत बसली व्हतीस."
पावडर! माझ्या राखेत! आणि मी शेंगा विकल्या, वर धुऊ नका म्हणून सांगितलं! लताबाईंची आई — देवा!

१८ डिसेंबर
सकाळीच पंचवटी गाठली. विचारत विचारत घर सापडलं. म्हातारी ओसरीवर गहू निवडत बसलेली! लताबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोट बिघडलं होतं तिचं, आता बरं आहे. तू आपणहून सांगायला आलीस ना? तीन वर्षं तुझी भाजी खातोय आम्ही. एका चुकीनं तेवढा विश्वास जात नसतो." येताना रस्ताभर रडले. लोक बघत होते. बघू देत.

१९ डिसेंबर
लताबाई काय म्हणाल्या ते यांना सांगितलं. वाटलं, यांनाही हलकं वाटेल. हे मान खाली घालून बसले. म्हणाले, "यंदाची पावडर लय जालीम निघाली गं. आधीच्या दोन्ही सालांची हलकी व्हती."

दोन्ही सालांची!

लताबाई ज्या वर्षांच्या भरवशावर बोलल्या, त्यातलं एकही खरं नव्हतं.