कुरोड्यांवरचे काळे तीळ

रविवार, २४ मे. संध्याकाळ.

आज पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, यंदा तू कुरोड्यांत काळे तीळ घातलेस का गं?" मी "हो" म्हणून बसले. काऊन म्हटलं असं? तीळ कुठले! इथं जवळच्या कारखान्यात कोळसा जळतो, त्याची काजळी ती. गच्चीवर काहीही वाळत घातलं की बसतेच.

शेजारच्या विमलनं सांगितलं होतं, "काकू, गच्चीवर काऊन घालून राह्यल्या? काळं बसते न त्याच्यावर." पूर्वी गल्लीतल्या साऱ्या बाया माझ्याच गच्चीवर जमायच्या. आता सगळ्या विकतच्या आणतात. मी एकटीच साडी अंथरते. वरून दुसरी झाकली तरी...

नात इथं आली की तिची छाती घरघरते. डॉक्टरांनीच सांगितलं, आणू नका. आणि मी तीच काजळी डब्यात भरून तिच्या घरी पाठवली. वर म्हणे तीळ!

राहवलं नाही. तिच्या आईला, माझ्या लेकीला फोन लावला. म्हटलं, "सुनीता, त्या कुरोड्या तळू नको, फेकून दे."

ती म्हणाली, "आई, मी कधीचीच तळत नाई. तुझ्या हातच्या आहेत, टाकवत नाई, म्हणून डबा ठेवून देते."

दरवर्षी मी विचारायची, कशा झाल्या? दरवर्षी ती म्हणायची, छान झाल्या.

स्वयंपाकघरात दुसऱ्या खेपेचे गहू भिजत आहेत. आत्ताच उठून त्यांचं पाणी बदललं. काऊन बदललं?