प्रमुख पाहुण्यांचा परिचय

डीमन (नेदरलँड्स), शनिवार, १३ फेब्रुवारी २०२१

आज अस्मादिकांच्या वाक्प्रवाहात एक अभिनेत्री बुडाली.

वरच्या मजल्यावरील इंगेबाई मूळच्या डेन्मार्कच्या. सारे आयुष्य रंगभूमीवर आणि पडद्यावर गेले. टाळेबंदीत नाट्यगृहे बंद, म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या झूमवर एक स्वगत सादर करण्याची विनंती मीच केली. प्रमुख पाहुण्यांचा परिचयही अर्थात मीच करून देणार. आधी संस्कृतप्रचुर मराठीत, मग बाईंसाठी इंग्रजीत. कोपनहेगनमधील बालपण, पहिली भूमिका, पहिला चित्रपट, पहिला घटस्फोट... काही म्हणून सोडले नाही मी! नटेश्वराच्या चरणांशी पोहोचतो आहे, तोच फुकटच्या झूमची मुदत संपली आणि पडदा काळा झाला. पुन्हा जोडेपर्यंत मंडळी जेवायला पांगली होती.

"अहो, त्यांना तोंड तरी उघडू द्यायचं!" सौ. म्हणाल्या.

मास्क लावून क्षमायाचनेस वर गेलो. बाईंच्या पायांत रंगमंचावरचे लाल बूट. कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत. तरीही लाल बूट!

"छान बोललात," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त माझा मृत्यू सांगायचा राहिला."

मी हसलो. का हसलो?

आता डोक्यावर त्या बुटांच्या टाचा वाजत आहेत. मध्येच थांबतात, पुन्हा चालू लागतात. स्वगत चालले असावे. प्रेक्षक कोणी नाहीत. मी खाली बसून ऐकतो आहे, आज प्रथमच, एक शब्दही न बोलता.