अरवाला उलव्याला धाड

पनवेल,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय कोमल,
स. न. वि. वि.

पाकीट बघून हसली असशील. माझा फोन घरभर फिरतो. अरवा त्यावर गाणी लावते, सासूबाई बहिणीशी बोलतात. म्हणून हे कागदावर. शाळेत निबंधात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, तेव्हा नीट वाच.

अरवाला सातवं लागलंय आणि सासूबाईंनी तिच्या खतन्याचा विषय काढलाय. आमच्या बोहऱ्यांत कितीतरी घरांत मुलींचाही करतात, खाली जरासं कापतात. इतक्या वर्षांत हे तुला कधी सांगितलं नाही. माझाही झाला. आईने मुंबईला एका बाईच्या घरी नेलं होतं, आणि माझे हात तिनेच धरले होते. आजवर आम्हा मायलेकींत त्यावर एक शब्द निघालेला नाही. लघवीला होणारी जळजळ, लग्नानंतर नवरा जवळ आला की आखडणारं अंग, हे सगळ्याच बायकांना होतं असं मी समजत होते. अरवाच्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा कळलं, की ते त्या जुन्या जखमेचं आहे.

मी सरळ नाही म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, नाही केलं तर मुलगी चंचल होते, उद्या तिला कोण करून घेणार. हुजेफा दुकानातून आल्यावर त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, तू काळजी करू नकोस, आईशी मी बोलतो. त्याच्यावर विश्वास आहे माझा. पण पोळ्या लाटताना सारखं अरवाकडे लक्ष जातं.

चंद्रपूरचं ऊन कमी झालं का? माया पातळ करू नकोस.
तुझी,
इन्सिया


चंद्रपूर,
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय इन्सिया,
स. न. वि. वि.

निबंधाचे मार्क बाई अक्षर बघून द्यायच्या, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. अक्षर अजून तसंच आहे गो तुझं. पण आईने हात धरले ती ओळ जरा हललेली दिसली. तिथे मी पत्र खाली ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. नववीत पोटात दुखतंय म्हणून तू खेळाच्या तासाला बसून राहायचीस आणि मी तुला आळशी म्हणून चिडवायचे, ते आठवत राहिलं.

हुजेफाभाऊ चांगले आहेत, मान्य. तरी दिवाळीच्या सुट्टीत अरवा घरात नको. माझ्या आईला मी खरं काही सांगितलं नाही, पोरीला सुट्टीत ठेवायची अडचण आहे एवढंच बोलले. ती लगेच म्हणाली, अरवाला हिकडं उलव्याला धाड, आमी हाय ना. विमानतळाच्या कामामुळे तिकडे धूळ फार, पण माझ्या भाचीच्या जोडीला खेळेल. ऐक माझं, बाय.

उत्तर लवकर पाठव, आणि जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी,
कोमल


पनवेल,
२० नोव्हेंबर २०२४

कोमल,

अरवाला मी उलव्याला धाडलं नाही. हुजेफाने शब्द दिला होता.

माझ्या अब्बांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला पुण्याला जावं लागलं. परत आले तर अरवा भिंतीकडे तोंड करून पडलेली. ताप होता, लघवी अडली होती, आणि चादरीवर रक्त. सासूबाई आणि माझी नणंद तिला आइसक्रीम खायला जाऊ म्हणून घेऊन गेल्या होत्या. मी तिला तशीच उचलली आणि रिक्षात घातली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती, पण माझ्या गळ्यात हात घालत नव्हती.

आता ताप उतरलाय. लघवीची नळी काढली. जखमेत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, लहान मुलीच्या बाबतीत हे पोलिसांना कळवावंच लागतं. सासूबाई दवाखान्याच्या बाकावर रडत होत्या. माझं झालं, तुझं झालं, मग हिलाच असं कसं झालं, हेच परत परत विचारत होत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं गं. मला त्यांचा रागही धड करता येईना.

राग आला तो हुजेफाचा. तो म्हणाला, घरात भांडण नको होतं, म्हणून तू नसताना उरकून घ्या असं मीच आईला सांगितलं.

आणि अरवाला त्या दोघींनी सांगितलं होतं, की मम्मीला माहीत आहे, मम्मीनेच पाठवलंय. मी नाही पाठवलं असं मी तिला रोज सांगते. ती ऐकून घेते आणि परत भिंतीकडे वळते.

इन्सिया


चंद्रपूर,
२६ नोव्हेंबर २०२४

इन्सिया,

तू फोन उचलत नाहीस. शुक्रवारच्या गाडीने मी निघतेय. हे पत्र बहुतेक माझ्यानंतर पोचेल, तरी लिहिलं, कारण हात रिकामे ठेवून बसवत नाही. पोलिसांकडे जायचं असेल तर मी बरोबर येईन. नसेल जायचं तर नुसती जवळ बसेन.

कोमल


रोडपाली,
१९ जानेवारी २०२५

प्रिय कोमल,
स. न. वि. वि.

तू भाड्याने मिळवून दिलेल्या या खोलीत आम्ही रुळतोय. पोलिसांत जबाब दिल्यापासून सासरचं कुणी बोलत नाही. हुजेफा खाली येऊन फळं ठेवून जातो, वर यायला मी सांगितलेलं नाही.

काल मात्र नणंद आली, तिच्या पाच वर्षांच्या झैनबला घेऊन. माझा जबाब मागे घ्यावा म्हणून विनवत होती. अरवा कोपऱ्यात चित्र रंगवत होती. आमचं बोलणं चालू असताना ती उठली, झैनबचा फ्रॉक मुठीत धरला आणि मोठ्याने म्हणाली, दादीबरोबर कुठेही जायचं नाही, तुझी मम्मी हो म्हणाली असं सांगितलं तरी जायचं नाही. फ्रॉक सोडेचना. नणंद तोंडावर ओढणी धरून तिथेच खाली बसली. जाताना मला म्हणाली, झैनबला नाही नेणार. खरं करते का बघू.

तुला वाटेल, पोर सावरली. तसं नाही गं. झैनब गेल्यावर मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, तर ती मागे सरकली. अजून लघवीला दुखतं. न्हाणीघराची कडी आतून लावते, मला येऊ देत नाही. नळ सोडते, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मी बाहेर फरशीवर बसून असते. हाक मारत नाही, आपणहून बाहेर येते तेव्हा बाजूला होऊन वाट देते.

आमच्या दोघींवर लक्ष असू दे.
तुझीच,
इन्सिया