कोच ब्रॅनकचा कोट, माझं घर आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, अर्लीन डोरोथी पोटॉरफ, दिवंगत ग्लेन पोटॉरफ यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम (गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बंद, ओळखीच्यांची कामं सोडून), राहणार टॉलंड फेरी, ओहायो, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह ठीक आहे, आणि हा मजकूर मी राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. आमचे वकील मिस्टर ओडेल यांनी छापील मसुदा दिला होता. तो वाचताना आपण आधीच मेलो आहोत असं वाटायला लागलं, म्हणून बाजूला ठेवला. कायद्याच्या जागा त्यांनी तपासल्या आहेत. बाकीच्या जागांना त्यांनी हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते रागाच्या भरात केलं होतं. राग कसला, ते पुढे येईल.

कलम १. शिलाई यंत्रं

माझी दोन्ही यंत्रं, कात्र्या, आणि दोऱ्यांचं कपाट गावच्या शाळेच्या शिवणवर्गाला द्यावं. या यंत्रांवर मी वेक्सली कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कपडे शिवले, उसवले, पुन्हा शिवले. पाठीवरचे आकडे लावले. नदीच्या अलीकडे वेक्सली आणि पलीकडे टॅलमेज कॉलेज. अलीकडची माणसं मरून रंग घालतात, पलीकडची हिरवा. माझ्या वडलांनी ग्लेनला पहिल्या भेटीत धर्म विचारला नाही, नोकरी विचारली नाही, फक्त "शनिवारी कुठल्या बाजूला बसतोस?" एवढंच विचारलं होतं. तेव्हा शिवणवर्गाला एकच अट: माझ्या यंत्रांवर हिरवा दोरा चढवू नये. पडद्यांसाठी असेल तर चालेल.

कलम २. डॉक्टर व्हर्नन शुल्टी

यांना माझ्या मिळकतीतलं काहीही मिळणार नाही, आणि यात माझा दोष नाही.

व्हर्नन माझा शेजारी. गुराढोरांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. नदीच्या अलीकडे राहून दारावर टॅलमेजचा हिरवा झेंडा लावणारा आमच्या रस्त्यावरचा एकटाच. ग्लेन त्याला "आमचा पाहुणा" म्हणायचा, आणि पाहुणा घर बांधून राहिला तरी म्हणायचा. त्याला मी माझी आरामखुर्ची देणार होते. पण ओडेलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. मी व्हर्ननला विचारलं, "खुर्ची हवी की सही?"

"सही करायची तर सगळं वाचावं लागेल ना?"

"वाचावंसं वाटलं तर वाच."

"मग खुर्ची गेली खड्ड्यात."

सबब खुर्ची चर्चच्या वाचनालयाला द्यावी.

कलम ३. कोच ब्रॅनकचा कोट

माझ्या मागच्या खोलीत खुंटीवर एक मरून लोकरी कोट आहे. तो माझा नाही. तो लाइल ब्रॅनकचा आहे, जो वेक्सलीचा कोच होता. त्याची विल्हेवाट लावायची तर सगळं सांगावं लागेल.

लाइल आमच्या गावात आला तेव्हा आमचा संघ म्हणजे पलीकडच्यांची करमणूक होती. त्यानं पोरांना जिंकायला शिकवलं. हा कोट तो दरवर्षी टॅलमेजविरुद्धच्या सामन्याला घालायचा, आणि बहुतेक दरवर्षी आम्ही जिंकायचो. माझी आणि व्हर्ननची पैज ठरलेली असायची: ज्याचा संघ हरेल त्यानं थंडीभर दुसऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा. लाइलच्या कृपेनं माझ्या फावड्याला गंज चढला. ग्लेन गेला तेव्हा लाइल सगळा संघ घेऊन चर्चमध्ये आला होता. ती आडदांड पोरं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून रडली. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं लिहिताना ते पुसूनही टाकणार नाही.

माझी भाची कॉरिन या संघाबरोबर असायची. खेळाडूंच्या दुखापती पाहणं हे तिचं काम. लाइलच्या शेवटच्या वर्षी टॅलमेजच्या सामन्याआधी सरावात आमचा क्वार्टरबॅक, सगळा डाव चालवणारा, डिऑन विटफील्ड डोक्यावर पडला. चांगला पोरगा, हसरा. कॉरिननं त्याला तपासलं आणि लाइलला तोंडावर सांगितलं, "याला खेळवायचं नाही." लाइल म्हणाला, "बघू." शनिवारी तिनं पुन्हा सांगितलं. लाइलनं तिला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि डिऑनला आत.

आम्ही जिंकलो. मी घसा बसेपर्यंत ओरडले. कपडे बदलायच्या खोलीत डिऑन गाणं म्हणता म्हणता कोसळला.

तो जगला. पण बोलणं गेलं, ते एकेक शब्द करत परत आणावं लागलं. पत्रकारांपुढे लाइल म्हणाला, पोराला दुखापत आहे हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. जानेवारीत कॉलेजनं चौकशी बसवली. कॉरिन समितीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं. दोनदा." बरोबरचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मग त्यातला एक म्हणाला, "हो, मीही ऐकलं होतं," आणि मग दुसरा.

फेब्रुवारीत लाइलनं टीव्हीवर राजीनामा वाचून दाखवला. त्याच बातमीत सांगितलं की तो सामना कॉलेजनं स्वतःहून सोडून दिला आहे, विजय टॅलमेजचा.

मी टीव्ही बंद करते न करते तोच दारात व्हर्नन. हातात फावडं.

"अर्लीन, बाहेर ये! पैज मी जिंकलो. थंडीभर तुझ्या दारातला जेवढा बर्फ काढला, तेवढा जिथल्या तिथे परत टाकून दे."

"फावडं आण इकडे."

"कशाला?"

"तुझ्या दारातला काढते."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मी कुंपण ओलांडून गेले आणि कामाला लागले. तो मागे उभा राहून सूचना देत होता. "कडेचा नीट घे. वेक्सलीवाले कडा सोडतात." थोड्या वेळानं मी वाकले ती वाकलेलीच राहिले. गुडघ्यामुळे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, फावडं काढून घेतलं आणि मला पायरीवर बसवलं. स्वतःही बसला.

"जा की," मी म्हटलं. "तुमच्या टॅलमेजवाल्यांच्या क्लबात केक कापणार आहेत म्हणे आज."

"कापला. अध्यक्ष म्हणून पहिला तुकडा मला. घशाखाली उतरेना."

"हिरवं क्रीम लावलं असेल. कोणाच्या उतरेल?"

तो हसला नाही. "खरं सांग, आमचा कोच त्या जागी असता तर त्यानं काय केलं असतं?"

"हेच."

"आणि मी?"

"तू त्याची बाजू घेऊन गावभर भांडला असतास."

"भांडलोच असतो," व्हर्नन म्हणाला. "तुमच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, अर्लीन, की तुमच्याकडे कॉरिन होती. आमच्याकडे असं कोणी आहे की नाही, मला माहीत नाही. त्याचीच भीती वाटते."

त्यानं फावड्याला चिकटलेला बर्फ झटकला. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या घालून माझे शनिवार मजेत गेले. आता कोणाला घालू?"

"मी आहे ना."

"तुला काय, तुला तर रोजच घालतो."

दुसऱ्या आठवड्यात लाइल स्वतः आला, कोट न्यायला. अस्तर बदलायला त्यानं तो माझ्याकडे टाकला होता, त्या जिंकलेल्या सामन्यानंतर. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली.

"मिसेस पोटॉरफ, तुमच्या भाचीनं मला संपवलं."

"आत ये, थंडी आहे," मी म्हटलं. "डिऑनला भेटलास?"

"वकील म्हणतात, जाऊ नका."

"आणि तू काय म्हणतोस?"

मी कॉफी ओतली, ती त्यानं घेतली नाही. निघाला तेव्हा मी कोट पुढे केला, तर म्हणाला, "असू द्या. मला आता तो अंगावर घालवणार नाही."

वसंतात तो डिऑनच्या घरी गेला. हे मला डिऑनच्या आईनं, मिसेस विटफील्डनी सांगितलं. गाडी बराच वेळ रस्त्यापलीकडे उभी होती. त्या खिडकीतून बघत होत्या, दार उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मग उघडलं. डिऑनला तो सामना अजिबात आठवत नाही. त्यानं शब्द शोधत शोधत विचारलं, "कोच, आपण जिंकलो का?"

लाइल म्हणाला, "नाही, बाळा."

मग तो तिथेच जमिनीवर बसला, डिऑनच्या खुर्चीपाशी. मिसेस विटफील्डनी त्याला उठ म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. जाताना त्यानं माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऐकलं मी." आणखी काही म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनी म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. लाइल हल्ली नेब्रास्कात भावाच्या दुकानात शेतीची अवजारं विकतो.

आता कोट. वेक्सलीच्या वस्तुसंग्रहालयानं तो मागितला आहे. ज्यांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला, त्यांना कोट मात्र काचेत हवा आहे. देऊ नये. व्हर्ननच्या क्लबानंही मागितला आहे. कशाला, ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. त्यांनाही देऊ नये. कोट नेब्रास्कात लाइलच्या पत्त्यावर पाठवावा. अस्तर नवं घातलं आहे. छातीवरचं कॉलेजचं अक्षर मी उसवलं आहे आणि टाक्यांची भोकं दिसू नयेत म्हणून तिथे लोकर विंचरली आहे. अक्षराशिवाय तो एक चांगला उबदार कोट आहे, आणि तिकडे थंडी फार असते.

कलम ४. स्टेडियममधल्या दोन जागा

माझी आणि ग्लेनची, अशा दोन्ही जागा यापुढे डिऑन आणि त्याच्या आईच्या नावे कराव्यात. त्यांना जायचं नसेल तर जाऊ नये. पण डिऑन मला म्हणाला आहे की तो जाणार, आणि नव्या क्वार्टरबॅकचे पाय चुकीचे पडतात हे तो तिथून ओरडून सांगणार. तो एकेक शब्द सावकाश जुळवतो, त्यामुळे खेळ थांबवून ठेवावा लागेल, असं तोच म्हणतो आणि हसतो.

कलम ५. घर

माझं राहतं घर माझा मुलगा रॉजर आणि माझी भाची कॉरिन यांना समसमान द्यावं.

राग होता तो या कलमापाशी. रॉजर लाइलचा जिवलग. राजीनाम्यानंतर सगळं गाव कॉरिनवर उलटलं: न्हाव्याच्या दुकानात तिच्या नावानं बोलायचे, बेकरीत तिच्यापुढे पाटी फिरवायचे की पाव संपला. ईस्टरच्या जेवणाला माझ्याच टेबलावर रॉजर तिला म्हणाला, "गद्दारांबरोबर मी हॅम खात नाही."

कॉरिननं काटा खाली ठेवला. "मावशी, मी निघते."

मी रॉजरला म्हटलं, "हॅम तुला नको असेल तर तू ऊठ. ती बसेल."

तो उठला आणि गेला. सोमवारी मी ओडेलसाहेबांकडे जाऊन मृत्युपत्रात घर एकट्या कॉरिनच्या नावे केलं. तिला कळल्यावर ती माझ्यावरच चिडली. "मला खरं बोलल्याचं बक्षीस नकोय, मावशी."

गेल्या हिवाळ्यात डिऑन माझ्याकडे जॅकेटची चेन दुरुस्त करून घ्यायला आला होता, आणि त्याच वेळी रॉजर माझी घर गरम ठेवणारी भट्टी तपासायला. त्या दोघांची राजीनाम्यानंतरची पहिली भेट. डिऑनला "चेन" हा शब्द सापडत नव्हता. त्यानं तीनचार दुसरे शब्द घेऊन पाहिले, टाकून दिले. रॉजरला शब्द माहीत होता, पण त्यानं तो डिऑनच्या तोंडात घातला नाही. वाट बघत उभा राहिला. डिऑनला अखेर सापडला तेव्हा दोघंही दमले होते. रॉजर भट्टी अर्धी सोडून निघून गेला.

कॉरिनच्या अंगणात कोणीतरी "घर विकणे आहे" अशी पाटी गाडून ठेवली होती. ती विकणार नव्हतीच. तिनं जावं म्हणून लावलेली. जमीन गोठल्यामुळे तिला ती निघत नव्हती. माझ्याकडून निघालेला रॉजर कुदळ घेऊन थेट तिथे गेला आणि भर दिवसा, सगळ्या गल्लीदेखत, पाटी उपटायला लागला. कॉरिन दारात आली. त्यानं माफी वगैरे मागितली नाही. पाटी मोडून गाडीत टाकली आणि म्हणाला, "जमीन फार कडक आहे, म्हणून वेळ लागला."

"भट्टी अर्धी टाकून आलास ना?" ती म्हणाली. "मावशीचा फोन आला होता. ती गारठलीय."

दोघं माझ्याकडे एकाच गाडीतून आली. भट्टी अजूनही घरघर करते. घर समसमान.

कलम ६. अंत्यविधी

मला ग्लेनशेजारी पुरावं. पाद्रीसाहेबांनी माझे गुण सांगताना वेळेचं भान ठेवावं. शरद ऋतूतल्या शनिवारी, सामन्याच्या दिवशी, हा विधी ठेवू नये. कोणी येणार नाही, आणि जे येतील ते मनातून माझ्यावर चिडलेले असतील. ज्यांना हिरवा टाय लावून यायचं असेल त्यांना मज्जाव नाही. शिट्ट्या मारू नयेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी कॉरिननं करावी. तिला कोणी अडवलं तरी ती ऐकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

येणेप्रमाणे सर्व वाचून, समजून, खाली सही केली.

अर्लीन डी. पोटॉरफ
टॉलंड फेरी, ओहायो. एप्रिलची बारा तारीख.

साक्षीदार पहिले: हेलन ओडेल, वकिलांच्या पत्नी. बाईंनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरे: व्हर्नन शुल्टी, पशुवैद्य, निवृत्त. बाईंनी माझ्यादेखत सही केली. त्यांच्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. शिट्ट्यांच्या बाबतीत मी आणून पाहिला, उपयोग झाला नाही.