लांब बाह्या

१० फेब्रुवारी

डाव्या मनगटावर पांढरा डाग. काल नव्हता — म्हणजे काल मी पाहिला नव्हता. ह्या दोन गोष्टी एकच नाहीत.

लॅबमध्ये कॅलिपर लावला. ६.४ मिलिमीटर. शिवानी पलीकडच्या टेबलावर प्रेशर गेज तपासत होती. "काय मोजतेयस गं?" म्हटलं, चटका बसलाय. तिच्या मते गेल्या वर्षी माझी पाठ दुखत होती. गावाच्या मते मी बंगलोरला ट्रेनिंगला होते. दोन खोट्या गोष्टी. त्या एकमेकींना भेटू नयेत, एवढंच बघायचं.

१३ फेब्रुवारी

सलाइनचा दिवस. डॉक्टरांनी मनगट बघितलं आणि चक्क हसले! "आणखी कुठे आलेत?"

औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही. शरीरातल्या लढणाऱ्या पेशींचा ब्रेक काढतं. मग त्या मेलेनोमा — रंगाच्या पेशींचा माझा कॅन्सर — शोधत फिरतात, आणि वाटेत साधी रंगाची पेशी सापडली तरी सोडत नाहीत. म्हणून डाग. "चांगलं लक्षण असू शकतं." असू शकतं — ह्या शब्दासाठी हा माणूस मला आवडतो.

स्कॅनही चांगला. फुफ्फुसातल्या तीन गाठींपैकी एक गेली, दोन लहान झाल्या. जांघेतली निम्मी झाली. टाचेखालच्या एका काळ्या ठिपक्यापासून हे सगळं. आईला वाटलं काटा मोडलाय. कितीतरी दिवस आम्ही त्यावर रुईचा चीक लावत होतो.

सलाइनच्या खोलीत प्रत्येक खुर्चीशेजारी कोणीतरी बसलेलं असतं. माझ्या शेजारी माझी बॅग. कोणी येऊ नका, असं मीच सांगते. आणि कोणी आलं नाही की वाईट वाटतं. ह्याला सूत्र नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिने माझा हात ट्यूबलाइटखाली धरला. बराच वेळ.

"हा कोड हाय."

पुन्हा समजावलं. कोड वेगळं, हे वेगळं. म्हटलं, "आई, फुफ्फुसातल्या गाठी विरघळतायत."

"त्या कोनाला दिसतान का?"

१ मार्च

दिशाचं लग्न पक्कं. मे महिन्यात. मुलगा हर्षित, शहाडचा, बरा वाटला — बोलताना दिशाकडे बघतो, मोबाइलकडे नाही. धाकटीचं आधी होतंय म्हणून गावात कुजबुज आहेच. "मेघनाला शिकायचाय अजून," आई सांगते. वयाच्या तिसाव्या वर्षी!

दिशा म्हणाली, "ताई, करवली तूच हां. करा घेऊन माझ्या मागे तूच. नाहीतर मी पाटावर उभीच राहणार नाही."

मी म्हटलं, बघू. पण मला पाहिजे आहे. ते भांडं, त्यावरचा नारळ, आणि समोर तिचा अंबाडा. गेल्या वर्षी हे दिसेल असं धरलं नव्हतं.

९ मार्च

गोदा आत्या आली. बाबांची थोरली बहीण, भिंतीला भिंत लागून घर. आत्याचे यजमान गेल्यापासून एकटीच राहते. माझ्या आजाराची सगळी खोटी माहिती ही तिची कामगिरी. "कोनाला बोलायचा नाय. लांबचं गाव सांगायचा, आपला कोन नसल असा." बंगलोर तिनेच शोधलं. कधी गेली नाही, पण तिथल्या हवेपर्यंत सगळं मला पढवलं होतं.

आम्हा दोघींना तिने मांडीवर वाढवलं. मी कॉलेजात असताना यजमानांसोबत नणंदेकडे उरणला जाऊन राहिली, आली ती बदलूनच. कोणाला जवळ घेत नाही. मे महिन्यातही लांब बाह्या. तिकडे भांडण झालं असेल, असं आई म्हणते.

आज माझे हात बघितले. "चल," एवढंच. ठाकुर्लीला तिच्या टेलरकडे नेलं. लग्नातलं ब्लाऊज, बाही मनगटाच्या पुढे. टेलरने दोन्ही दंड वेगवेगळे मोजले. विचारलं, कशाला? "सवय लागली, आत्यांमुळे."

"गप, माप घे," आत्या म्हणाली.

२१ मार्च

मनगटावरचा आता १४.२. हाताच्या पाठीवर दोन डाग एकत्र आले. ओठाच्या कडेला एक. डाव्या पापणीचे काही केस पांढरे.

आई बावचीचं तेल घेऊन मागे लागली आहे. मंगळवार धरलेत तिने. माझा रंग परत यावा म्हणून ती उपाशी राहते. आणि मी रोज सकाळी डाग वाढलाय का ते बघते — वाढला असला तर बरं वाटतं.

हे सांगायला कोणी नाही.

५ एप्रिल

मानेवर नवीन! आरशासमोर एकटीच हसले.

२० एप्रिल

शहाडचे लोक आले होते, बस्त्याचं ठरवायला. मी लांब बाहीचा कुर्ता, तोंडाला आणि हातांना फाउंडेशन. वीज गेली. घाम. पोहे देताना हर्षितच्या आईने, रंभाबाईंनी, माझा हातच धरला.

"काय झालाय गं बाय?"

"चटका."

"चटका तोंडाला पन?"

त्या आईकडे वळल्या. आवाज प्रेमळ होता, तेच वाईट. "आधी सांगायला पायजे होता ताई. कोड रगतान असतो. उद्या आमच्या नातवंडांना झाला तं?"

आई हातात ट्रे घेऊन उभी होती. मला वाटलं, आता बंगलोर येणार.

"कोड नाय!" आई ओरडली. "कॅन्सर हाय तिला! डॉक्टरला विचारा पायजे तं. कॅन्सर हाय, कोड नाय!"

चारित्र्याचा दाखला काढून दाखवावा तशी. ज्या शब्दासाठी इतके दिवस घराच्या खिडक्या बंद होत्या, तो पोह्यांच्या बशांमध्ये पडला. दारात उभी असलेली गोदा आत्या खालीच बसली.

रंभाबाई म्हणाल्या, "देवा!" मग, "पन कोड नाय ना?"

"नाय नाय."

"लागत नाय ना तो?"

"नाय."

"मंग खा ना सगळी. पोहे गार झालं," रंभाबाईंनीच सगळ्यांना सांगितलं.

मला सांगायचं होतं — चौथी स्टेज, सध्या प्रतिसाद उत्तम. कोणी विचारलं नाही.

२२ एप्रिल

शहाडहून फोन. लग्न ठरल्याप्रमाणे. फक्त करा आजारी माणसाच्या हातात नको. काकांची करिश्मा धरेल.

आईने हे भेंडी चिरताना सांगितलं. वर बघितलं नाही.

दिशा न्हाणीत नळ सोडून रडली. बाहेर येऊन, "मी लग्नच करत नाही, जा!" मी म्हटलं, "नाटकं नकोत. एक भांडं तर आहे." माझा आवाज अगदी स्थिर होता. तिला तेच लागलं असणार.

टेलरकडून ब्लाऊज आलं. कपाटावर टाकलं. गोदा आत्या त्या दिवसापासून आमच्याकडे फिरकली नाही.

८ मे

स्कॅन. फुफ्फुसं स्वच्छ. जांघेत फक्त वण दिसतो.

विचारलं, "म्हणजे बरी झाले?"

"आज काही दिसत नाहीये. औषध चालू ठेवू."

आमची लॅब उपकरणांना देते त्या प्रमाणपत्रावर प्रत्येक मापाखाली अनिश्चितता लिहावी लागते. ती लिहिली नाही तर माप खोटं धरतात. त्यांनी ती तोंडी दिली. तक्रार नाही.

बाहेर आले, फोन काढला. शिवानीला माझी पाठ माहीत आहे. दिशा पार्लरमध्ये. आई मंडपवाल्याशी भांडत असेल. फोन ठेवून दिला. रिक्षात बसल्यावर एकदम तोंडातून निघालं, "रिपोर्ट चांगला आला."

रिक्षावाला म्हणाला, "स्टेशनच ना मॅडम?"

१३ मे

हळद. सगळं गाव नाचत होतं. मला कोणी लावली नाही. दिशा स्वतःच्या गालाची पुसून माझ्या मनगटावरच्या डागाला लावून गेली. धुतलेली नाही.

१४ मे

लग्न. बाहेर मंडपात करिश्मा करा घेऊन तयार. मी मागच्या खोलीत आहेरांवर लक्ष ठेवून, तेच ब्लाऊज घालून. आत्या आत आली. कडी लावली. उजवी बाही वर सरकवली — दंड सुजलेला, डाव्याच्या दीडपट. मग पदर काढला. उजवीकडे छाती नाही. सपाट, आडवा वण.

"उरनला गेलीच नव्हती मी."

पदर परत घेतला, स्वतःची बाही खाली ओढली. माझी मात्र कोपरापर्यंत दुमडली, दोन्ही हातांची. हाताला धरून बाहेर नेलं आणि करिश्माकडून करा घेऊन माझ्या हातात ठेवला. रंभाबाई काही बोलायला आल्या. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मंगलाष्टका चालू होत्या. समोर दिशाचा अंबाडा. शेजारी आत्या. मी तिला हळूच विचारलं — कोणाकोणाला माहीत आहे?

"आता?" आत्या म्हणाली. "तुला."